डोके व मानेच्या दुखण्याचे निदान : प्रतिमा-तपासणीचे सामर्थ्य आणि मर्यादा
(आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दरूप)



वसई रोड स्थानकावरून सकाळी दादरकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मोठा लिफाफा छातीशी धरून बसलेला प्रवासी आपण सर्वांनी पाहिला असेल. लिफाफ्यात डोक्याच्या सीटी स्कॅनच्या किंवा मानेच्या एमआरआयच्या फिल्म असतात. कित्येक महिने डोके दुखते, मान अवघडते, चक्कर येते, हाताला मुंग्या येतात. परंतु कारण सापडत नाही. एक स्कॅन झाला, दुसरा झाला, पैसा खर्च झाला आणि तरीही मनाला स्वस्थता नाही. अशा कुटुंबाला या तपासण्यांचे स्वरूप समजावे, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

विल्हेल्म रॉन्टजेन यांनी 1895 साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि शरीर न उघडता हाडे दिसू लागली. मेंदू मात्र कवटीच्या आड राहिला. ती अडचण दूर केली ती डॉक्टरने नव्हे, तर गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या अभियंत्याने. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका महिलेचा पहिला सीटी स्कॅन झाला आणि ती गाठ चित्रात दिसली. या कार्यासाठी हाउन्सफिल्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना 1979 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे चुंबकीय क्षेत्रावर चालणारे एमआरआय आले. त्याबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना 2003 साली तोच सन्मान प्राप्त झाला.

प्रत्येक यंत्राचे काम निराळे आहे. ताजा रक्तस्राव व हाडाची मोड सीटी स्कॅनमध्ये त्वरित कळते. मज्जारज्जू, नसा आणि मणक्यांमधील चकती एमआरआयमध्ये अधिक स्पष्ट दिसतात. मानेवरील गाठीसाठी बहुधा प्रथम सोनोग्राफी करतात. पण गाठ कशाची आहे हे ठरविण्यासाठी सुईने पेशी काढून तपासाव्या लागतात. सीटीमध्ये क्ष-किरण असल्याने गर्भवती महिलेने ते आधी सांगावे. एमआरआयपूर्वी पेसमेकर किंवा शरीरातील धातूची माहिती अवश्य द्यावी.

आता आपल्या आहाराशी संबंधित एक महत्त्वाची गोष्ट. कधी कधी अचानक फिट येते, डोके दुखते आणि स्कॅनमध्ये मेंदूत कडीसारखा छोटा ठिपका दिसतो. डॉक्टर सांगतात, हा डुकरातील फीतकृमीशी संबंधित आजार असू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या कुटुंबाला हे ऐकून धक्का बसतो. काहींना तर तो आरोपच वाटतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. फीतकृमी आतड्यात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात आणि दूषित पाणी, न धुतलेली कच्ची भाजी किंवा अस्वच्छ हात यांद्वारे ती कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. मेंदूतील आजार या अंड्यांमुळे होतो. न्यूयॉर्कमध्ये डुकराचे मांस वर्ज्य मानणाऱ्या सनातनी यहुदी कुटुंबांतही हा आजार आढळल्याचे 1992 साली प्रसिद्ध झाले. म्हणून भाजी आपल्या वसईच्या वाडीतली असो वा बाजारातली, ती वाहत्या पाण्यात नीट धुवावी आणि स्वयंपाकापूर्वी सर्वांनी हात साबणाने स्वच्छ करावेत.

असा ठिपका क्षयरोगाच्या गाठीसारखाही दिसतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. वेदांतम राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 मि.मी.पेक्षा लहान, एकट्या ठिपक्याची ओळख कशी पटवावी याचे निकष दिले. त्यामुळे अनेक रुग्णांची अनावश्यक शस्त्रक्रिया टळली. कारण असे बरेच ठिपके कालांतराने आपोआप नाहीसे होतात. अर्थात हा निर्णय चित्र, लक्षणे आणि रुग्णाची तपासणी यांची सांगड घालून डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.

याउलट, काही वेळा स्कॅन निर्दोष येतो आणि त्रास मात्र खरा असतो. अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी चित्रात दिसत नाही. हातापायांच्या मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा यांमागे बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. वनस्पतिजन्य अन्नात हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या मिळत नाही. म्हणून शाकाहारी व्यक्तीने ही साधी रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. उशीर झाल्यास नसांची हानी कायमची राहू शकते. तसेच उतारवयात मानेच्या एमआरआयमध्ये मणक्यांची झीज ज्यांना काहीही दुखत नाही अशांच्याही चित्रात आढळते. अहवालातील एखाद्या शब्दाने घाबरून जाऊ नये.

परंतु काही लक्षणांत दिरंगाई नको. अचानक आलेली असह्य डोकेदुखी, तापासोबत ताठरलेली मान, पहिलीच फिट, एका बाजूची शक्ती किंवा दृष्टी जाणे, या वेळी त्वरित रुग्णालय गाठावे. तीन आठवड्यांहून अधिक काळ राहिलेली मानेवरील गाठ, न भरणारा तोंडातील व्रण किंवा बसलेला आवाज लगेच दाखवावा. येथे सुपारीचा उल्लेख अपरिहार्य आहे. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगास कारणीभूत ठरते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे. जेवणानंतर पाहुण्यांपुढे तबकातून सुपारी ठेवणाऱ्या घरांनी याचा विचार करावा.

शेवटी लिफाफा घेऊन निघणाऱ्या कुटुंबास एवढेच सांगणे. दुखणे केव्हा सुरू झाले, कशाने वाढते, कोणती औषधे चालू आहेत हे कागदावर लिहून न्यावे. जुन्या फिल्म व सर्व अहवाल जपावेत, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. आणि नवा स्कॅन सांगितल्यास नम्रपणे विचारावे, “डॉक्टरसाहेब, यातून नेमके काय पाहायचे आहे, आणि त्यामुळे उपचारात काय फरक पडेल?” या प्रश्नाने डॉक्टरांचा अवमान होत नाही, उलट रुग्ण आणि डॉक्टर एकाच दिशेने पाहू लागतात.