ठिगळ आणि दंड



गाडगेबाबांचे नाव ऐकले नाही असा माणूस आपल्या वऱ्हाडात विरळा. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात १८७६ साली त्यांचा जन्म झाला. १९०५ साली त्यांनी घर सोडले. पुढे १९५६ साली देह ठेवीपर्यंत चिंध्या जोडून शिवलेलेच वस्त्र त्यांनी अंगावर घातले. कोणी त्यांना गोधडेबुवाही म्हणत. त्यांनी पंढरपूर, नाशकाला धर्मशाळा उभ्या केल्या, पण अंगावर ठिगळेच.

तरी ठिगळाची आपल्याला लाज वाटते. आम्ही मास्तर असताना एक पोरगा आठ दिवस शाळेत आला नाही. त्याची माय म्हणाली, "सदरा फाटला जी. नवा घ्याले पैसे नाही." अहो, फाटले होते बोटभर! ती बाई घरच्या गोधड्या स्वतः शिवीत होती. पण सदऱ्याला ठिगळ लावले तर लोक हसतील, हे भय. (हल्ली शहरात मुद्दाम फाडलेली पँट विकत घेतात, त्यांना कोणी हसत नाही.)

तर ठिगळ कसे लावायचे ते ऐका. फाटलेले कापड धुण्याआधी शिवावे. पाण्यात चोळले की बोटभराचे वीतभर होते. ठिगळाचे सुती कापड कोरे असेल तर आधी भिजवून वाळवा. कोरे कापड आटते, आणि शिवल्यावर आटले तर जुन्याला ओढून नवी चीर पाडते. ठिगळ भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटे मोठे घ्या. भोकाजवळचे कापडही विरलेले असते, तिथे टाका धरत नाही. उभे सूत उभ्या सुताशी जुळवा. कडा आत दुमडा, धावदोऱ्याने ठिगळ जागी बसवा, मग बारीक टाके घाला. दोरा हातभरच घ्या, लांब दोऱ्याला गाठी पडतात.

लुगड्याचे वेगळे. बसून बसून ते एकाच जागी विरते, बाकीचे धड राहते. तिथे ठिगळ किती दिवस टिकणार? विरलेला पट्टा पुरा कापून काढा आणि धड टोके एकमेकांत दुमडून जोडा. यालाच दंड घालणे म्हणतात. इथे धावदोरा नको, टीप घाला. म्हणजे दर टाक्याला सुई थोडी मागे नेऊन पुढे काढायची. बसताना ताण पडतो, धावदोरा एका जागी तुटला की सगळा उसवतो.

आणि भाऊ, हे बायांचे काम म्हणून तुम्ही उठू नका. गावचा शिंपी पुरुषच आहे ना? आम्ही सुई-दोरा आणला आहे. ज्याचे फाटले असेल त्याने पुढे येऊन बसावे.