अंगावरून वारं गेलं तर



हृदयविकाराचा झटका आला की माणूस छाती धरून खाली बसतो आणि घरात धावपळ उडते. पक्षाघातात बहुतेकदा काहीच दुखत नाही, आणि खरा घात तिथेच होतो. सकाळी चहाचा कप हातातून निसटतो, शर्टाचं बटण लागत नाही, जीभ जड होते. घरचे म्हणतात, ‘हातावर झोपला असाल, मुंग्या आल्या असतील. जरा पडा, बरं वाटेल.’ म्हणून आजचं माझं बोलणं रुग्णापेक्षा त्याच्या घरच्यांसाठी आहे.

रुग्ण स्वतः मदत मागेल या भरवशावर राहू नका. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली तर उजवं अंग लुळं पडतं आणि अनेकदा वाचाही जाते. उजव्या भागाला झाली तर डावं अंग जातं, आणि काहींना अंग गेल्याची जाणीवच राहत नाही. हात उचला म्हटलं, तर हात गादीवरच असतो आणि रुग्ण शांतपणे सांगतो, ‘उचलला की.’ तो खोटं बोलत नसतो. ज्या मेंदूनं हे ओळखायचं, त्यालाच इजा झालेली असते. तेव्हा ‘मला काही झालेलं नाही, दवाखाना नको’ हे त्याचं म्हणणं ऐकून थांबू नका.

त्याला हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढलं जातंय का? दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक खाली घसरतोय का? एखादं साधं वाक्य बोलायला सांगा. जीभ अडखळतेय का? अचानक तोल जाणं, दोन-दोन दिसणं, एका डोळ्यापुढे अंधार येणं हीसुद्धा लक्षणंच. यातलं एक जरी एकाएकी दिसलं, तरी १०८ला फोन लावा. सर्वांत जवळचा दवाखाना नको, सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, ती वेळ लक्षात ठेवा. रात्री दहाला धडधाकट झोपलेला माणूस सकाळी सहाला लुळा हात घेऊन उठला, तर डॉक्टर वेळ दहापासून मोजतात.

वेळेचा एवढा आग्रह का? मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे वीस टक्के वाटा एकटा मेंदू घेतो, आणि साठवून काहीच ठेवत नाही. मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. दहातल्या साधारण आठ रुग्णांत रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकलेली असते. उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झालेला असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सीटी स्कॅनमध्ये ताजं रक्त पांढरंशुभ्र उमटतं आणि तिथेच निवाडा होतो. म्हणून घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती जिवावर बेतू शकते. पाणी, चहाही नको. गिळण्याची क्रिया बिघडलेली असते, घोट श्वासनलिकेत जातो.

गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितका गुण जास्त. मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. २०१५ साली लागोपाठ आलेल्या अभ्यासांनी या उपचाराचं मोल सिद्ध केलं. निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंतही करता येतो. रक्तस्रावात मात्र रक्तदाब आटोक्यात आणणं मुख्य, कधी शस्त्रक्रिया.

एवढं हाताशी असताना लोक पारव्याचं रक्त चोळायला किंवा कुठल्याशा गावच्या औषधाला रुग्णाला घेऊन जातात, तेव्हा जीव तुटतो. ते साडेचार तास वाटेतच संपतात.

आणि दहा-पंधरा मिनिटांत हात पूर्ववत झाला, तर? तरीही त्याच दिवशी रुग्णालयात जा. मोठा झटका पुढच्या एक-दोन दिवसांतही येऊ शकतो.

कारणांत पहिला क्रमांक रक्तदाबाचा. गोळ्यांनी तो १३०वर आला की ‘आता बरा झालो’ म्हणून गोळ्या सोडणारे फार. अहो, तो गोळ्यांमुळेच १३० आहे! मधुमेह, विडी-सिगारेट, तंबाखू, दारू ही ठरलेली मंडळी आहेतच. हृदयाचे ठोके अनियमित असतील, किंवा लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापानं झडप बिघडली असेल, तर हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाते. यात तरुण बायाही सापडतात, आणि ‘या वयात कसला लकवा?’ म्हणण्यात वेळ जातो.

रुग्ण रुग्णालयातून घरी आल्यावर पहिले काही महिने व्यायामाचे. सुधारणा तेव्हाच सर्वांत वेगानं होते. वाचा गेलेल्या माणसासमोर ‘आता यांचं काही खरं नाही’ असं कृपा करून बोलू नका. पुष्कळदा त्याला सगळं कळत असतं. एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारा, हो किंवा नाही म्हणता येईल असा, आणि उत्तरासाठी त्याला पुरेसा वेळ द्या.