मोबाइलवरचा निरोप आणि आपला हक्क

आज खोडकिडीवर किंवा खतमात्रेवर बोलणार नाही. बोलायचं आहे ते मोबाइलवर येणाऱ्या निरोपांवर. शेतीच्या कार्यक्रमात हे कशाला, असं काही जण म्हणतील. त्यांनी २०२० सालचा फेब्रुवारी महिना आठवावा. कोंबडी खाल्ल्याने करोना होतो, असा निरोप व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरला. त्याला शास्त्रीय आधार काडीचाही नव्हता. पण गिऱ्हाईक फिरकेना, आणि ब्रॉयलरचा भाव उत्पादन खर्चाच्याही खाली गेला. राज्यातल्या कित्येक पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकट वाटले, काहींनी खड्डे काढून पुरले. कोंबड्यांना रोग नव्हता, तरी शेड रिकामी झाली. तो निरोप पुढं ढकलणाऱ्यांत त्यांचेच पाव्हणे-रावळे असणार, हे वेगळं सांगायला नको.

त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथं, याहून भयंकर घडलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी आवई मोबाइलवरून उठली होती. भिक्षुकी करत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

आपण औषधाचा डबा घेताना कंपनी बघतो, मुदत बघतो, पक्की पावती मागतो. निरोपालाही तेच लावावं. मूळ कुणी लिहिला, कधी लिहिला? वर दोन बाणांची खूण दिसली तर तो पुष्कळ हातांतून फिरून आला आहे असं समजावं. जनावरांच्या रोगाचा असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात, अनुदानाचा असेल तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडं विचारून खात्री करावी.

आता फसवणुकीचं. पीएम किसानच्या नावानं एक फाईल येते. नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरं असतात. ती दाबून ॲप बसवलं, की मोबाइलवर येणारे ओटीपी चोरट्याच्या हाती जाऊ शकतात आणि खातं साफ होतं. हप्ता मिळण्यासाठी अशी फाईल कुणाकडूनही घ्यावी लागत नाही. केवायसी राहिली असेल तर गावच्या सीएससी केंद्रात जावं.

आणि आपले हक्कही माहीत असू द्या. कुणी तुमच्या नावानं खोटं खातं काढलं, लेकीबाळींचा फोटो वाईट हेतूनं टाकला, तर गप्प बसायचं कारण नाही. २०२१ च्या नियमांनुसार या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यावी लागते. निकाल पटला नाही तर तीस दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडं जाता येतं. ही सोय २०२३ पासून आहे. पोलिसांत जायचा मार्ग तर मोकळाच आहे. मात्र रागाच्या भरात मजकूर पुसू नका. आधी पडद्याचा फोटो काढा, तारीख-वेळ टिपून ठेवा. पुरावाच पुसला तर तक्रार लंगडी पडते.

दूध संस्थेचे, पाणी संस्थेचे ग्रूप चालवणारे तरुण विचारतात, दुसऱ्यानं वाईट टाकलं तर आम्ही आत जाणार का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं, की संगनमत नसेल तर सभासदाच्या मजकुरासाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. तरी भडक मजकूर दिसला की काढून टाकावा. जून २०२३ मध्ये स्टेटसवरून कोल्हापुरात काय पेटलं आणि इंटरनेट कसं बंद झालं, ते आपण पाहिलंच आहे.

पैसे गेले तर लाजून घरात बसू नका, उद्यावर ढकलू नका. लगेच १९३० या नंबरला फोन करा आणि बँकेला खातं थांबवायला सांगा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त. हा नंबर आजच दूध संस्थेच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवा.