सोया पनीरला चव येते ती अशी

आपल्या विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन निघतं आणि पोत्यांतून थेट बाजारात जातं. १०० ग्रॅम दाण्यांत ३६ ते ४० ग्रॅम प्रथिनं, पण आपल्या ताटात त्यातलं काही येत नाही. आमच्या गटानं पहिल्यांदा सोया पनीर, म्हणजे टोफू, केलं तेव्हा माझ्याच पोरांनी रस्सा ओरपला आणि फोडी ताटाच्या कडेला लावून ठेवल्या. पुढच्या वेळी मसाला दुप्पट घातला. रस्सा जाळ झाला, फोडी तशाच अळणी!

चूक मसाल्याची नव्हती, पाण्याची होती. टोफूचं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं. ते आत असेपर्यंत तेल-मसाला वरवरच राहतो. म्हणून वडी स्वच्छ फडक्यात गुंडाळा, वर ताट आणि पाण्यानं भरलेला तांब्या ठेवा. अर्धा तास हात लावू नका. मग फोडी करून चांगल्या खारट, कडकडीत पाण्यात १५ मिनिटं ठेवा. ऐकायला उलटं वाटतं, पाणी काढून परत पाण्यात कशाला? पण मीठ आत शिरतं ते इथंच. फोडी निथळून फडक्यानं कोरड्या करा. हळद, तिखट, आलं-लसूण आणि मूठभर तांदळाचं पीठ चोळा. लोखंडी तव्यावर जरा सढळ हातानं तेल घाला, चांगलं तापू द्या. फोडी टाकल्या की उलथन्यानं ढवळत बसू नका. खालची बाजू तांबूस झाली की फोड आपोआप सुटते.

रस्सा खोबरं, तीळ किंवा दाण्याच्या कुटाचा करा, थोडी चिंचही हवी. फोडी शेवटी घाला, पाच मिनिटं पुरे.

कच्चट वास येत असेल तर तो दूध काढतानाचा दोष. भिजवलेलं सोयाबीन गार पाण्यात वाटलं की वास धरतं. उकळतं पाणी घालून वाटा. मिक्सरचं झाकण मात्र जपून, वाफ हातावर येते. गाळलेलं दूध ढवळत १५ मिनिटं उकळा. कच्चं राहिलं तर पोटालाही बाधतं.

उन्हाळ्यात केलेल्या दिवशीच संपवा. आंबूस वास आला की टाकून द्या, हळहळू नका. आणि आठवडी बाजारात विकायला बसलात तर नुसती पांढरी वडी पुढे करू नका. तव्यावरची गरम फोड गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवा, भाव मग सांगा.