भीती इंग्रजीची की हसण्याची?

(धाराशिव येथे शिक्षक व पालकांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्या जिल्ह्यातील पदवीधर तरुण पुण्याला मुलाखतीस जातो. विषयाचे ज्ञान त्याच्यापाशी असते. परंतु समोरून इंग्रजीत प्रश्न आला की घशाला कोरड पडते. 'पोराचे इंग्रजी कच्चे', असे आपण म्हणून मोकळे होतो. पण हाच तरुण इंग्रजी उतारा वाचतो, त्याचा अर्थ सांगतो, लेखी परीक्षाही उत्तीर्ण होतो. मग अडते कोठे?

१९८६ साली अमेरिकेत इलेन हॉरविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी परभाषा शिकणाऱ्यांची भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली सिद्ध केली. बोलण्याचा संकोच, परीक्षेचे दडपण आणि लोक काय म्हणतील ही धास्ती, ही त्या भीतीची तीन अंगे त्यांनी सांगितली. त्यांच्यापुढे स्पॅनिश शिकणारे अमेरिकन विद्यार्थी होते. तेव्हा ही काही मराठी मुलाची उणीव नव्हे.

मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. 'ए', 'द' यांसारखी उपपदे मराठीत नाहीत. मनात मराठी वाक्य जुळवून त्याचे इंग्रजी करणारे मूल मध्येच थबकणार, हे स्वाभाविकच आहे. नेमका त्याच क्षणी वर्ग हसतो आणि मूल पुन्हा तोंड उघडत नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. परंतु मुलाला निर्भयपणे बोलण्याची संधी मिळाल्यावाचून नुसती वर्षे वाढवून काय साधणार?

या भूमीला परक्या माध्यमाचा अनुभव नवा नाही. निजामी राजवटीत मराठी घरांतील मुले उर्दूतून शिकली. त्याच काळात याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन केले. त्या पिढीने परभाषा आत्मसात केली, पण स्वभाषेची लाज बाळगली नाही.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे. रोज दहा मिनिटे मुलांना दोघा-दोघांत बोलू द्या. विषय त्यांच्या ओळखीचा असावा: आठवडी बाजार, नळदुर्गचा किल्ला, घरची शेती. वाक्य पुरे होईपर्यंत टोकू नका. चूक मागाहून सांगा. आणि पालकांनो, पाहुण्यांसमोर 'इंग्रजीत बोलून दाखव' असा आग्रह धरू नका. जो मुलगा मराठीत चारचौघांत निर्भयपणे उभा राहतो, तो उद्या इंग्रजीतही उभा राहील. त्याला हसणारे मात्र आपण असता कामा नये.