बाग कोणाची?

पडीक जागेत बाग फुलवणे अवघड खरे; परंतु ती टिकवणे त्याहून अवघड. न्यूयॉर्क शहराचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७०च्या दशकात ते शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले. मालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्या, अनेक जळाल्या, आणि गरीब वस्त्यांत राडारोड्याने भरलेले भूखंड तेवढे उरले. १९७३ साली लिझ क्रिस्टी व तिच्या ‘ग्रीन गेरिलाज’ गटाने बाउरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरील अशीच एक जागा साफ करून वाफे केले. पुढच्याच वर्षी पालिकेने ती महिना एक डॉलर भाड्याने दिली. १९७८ मध्ये ‘ग्रीनथंब’ ही सरकारी योजना आली.

परंतु हे करार तात्पुरते होते. वस्तीने जागा सुधारली. जमिनीचा भाव वाढला, तेव्हा त्या भावानेच बागांवर घाला घातला. १९९९ साली महापौर ज्युलियानी यांच्या प्रशासनाने ११४ बागा लिलावास काढल्या. घरे हवीत की झाडे, असा पेच उभा करण्यात आला. गरिबांना घरे हवीत यात संशय नाही. परंतु सर्वाधिक बोली लावणारा तेथे गरिबांसाठीच घरे बांधील, याची हमी कोणती? निदर्शने झाली, खटले झाले. अखेर ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ व ‘न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट’ या संस्थांनी सुमारे ४२ लाख डॉलर मोजून त्या बागा वाचवल्या. २००२च्या समझोत्याने आणखी शेकडो बागांना संरक्षण मिळाले. काहींवर मात्र पाणी सोडावे लागले.

पुढे ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ने आपल्या बागा स्थानिक भूमिन्यासांकडे सोपवल्या, त्यांच्या कारभारात बागकऱ्यांनाच स्थान आहे. म्हणजे मालकी सामूहिक झाली. तथापि केवळ मालकीने बाग जगत नाही. पाणी घालणे, तण काढणे, खत कुजवणे ही कामे वाटून घ्यावी लागतात. नाहीतर दोघाचौघांवर भार पडतो आणि ते थकले की बाग ओसाड होते. उलट, मूठभरांनी फाटकाला कुलूप लावले तर ती खाजगी परसबाग होते. म्हणूनच ग्रीनथंबचा दंडक आहे, की हंगामात फाटक आठवड्यातून किमान २० तास सर्वांना खुले राहिले पाहिजे.

सुरक्षित जमीन, वाटलेले श्रम आणि उघडे फाटक या तिन्ही गोष्टी असतील, तरच बाग वस्तीची राहील. यांतील पहिली गोष्ट संघर्षावाचून मिळाली नाही, हे विसरता कामा नये.