लाकडातले पाणी

नव्या घराचे दार आषाढात चौकटीला अडू लागते आणि पुढच्या वैशाखात त्याच दाराच्या फळ्यांमधून उजेडाची रेघ आत येते. घरधनी सुताराला बोल लावतो. सुतार वखारवाल्याकडे बोट दाखवितो. खरा अपराधी मात्र तिघांच्याही दृष्टीआड, लाकडाच्या पोटात दडलेला असतो. तो म्हणजे पाणी.

ताज्या तोडलेल्या झाडात पाणी दोन ठिकाणी असते : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतले पाणी प्रथम जाते. तोवर लाकूड हलके होते, पण आकसत नाही. ओल कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांवर उतरली, की भिंतींतले पाणी निघू लागते आणि आकसणे सुरू होते. लांबीत ते जवळजवळ नसतेच. परंतु वर्षवलयांच्या वळणाने होणारे आकसणे गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या साधारणतः दुप्पट असते. या विषमतेमुळेच फळी वाकते, पिळवटते आणि तडकते.

म्हणून लाकूड मुरविण्याचा विचार करवतीपाशीच सुरू झाला पाहिजे. ओंडका एका अंगाने सरळ चिरत गेल्यास फळ्या रुंद मिळतात आणि काम लवकर उरकते. पण बहुतेक फळ्या वाकण्याच्या वाटेवर असतात. गाभ्याच्या रोखाने चिरल्यास श्रम वाढतात, फळ्या अरुंद निघतात, परंतु त्या आपला आकार राखतात. दाराला कोणती व खोक्याला कोणती, हा विवेक लहान गिरणीच्या मालकाला सहज ठेवता येतो.

चिरलेल्या फळ्या सावलीत, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन, एकावर एक रचावयाच्या. टोकांतून पाणी सर्वांत वेगाने निघते, म्हणून टोकांना मेण किंवा दाट रंग लावावयाचा. एवढी काळजी घेऊनही उघड्या हवेवर कठीण लाकूड सुकावयास अनेक महिने लागतात. आणि हवाच दमट असेल, तर ओल एका मर्यादेखाली उतरतच नाही.

येथे भट्टीची गरज भासते. भट्टी म्हटले की विस्तव डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः ती उष्णता, दमटपणा आणि वारा यांचा मेळ घालणारी बंद खोली असते. प्रारंभीच कडक उष्णता दिली, तर फळीचे बाह्य अंग सुकून ताठर होते आणि आतला गाभा ओलाच राहतो. पुढे तो आकसू लागला, की वरून निर्दोष दिसणारी फळी आतून पोळ्यासारखी पोकळ फाटते. म्हणून पहिले काही दिवस मंद उष्णता व भरपूर दमटपणा ठेवावयाचा. ओल उतरेल तसतशी उष्णता वाढवावयाची. आणि शेवटी थोडी वाफ देऊन फळीतला ताण सैल करावयाचा. पुरेशी उष्णता आतपर्यंत पोहोचली, तर पोखरणाऱ्या किड्यांची अंडीही नष्ट होतात.

ओल मोजण्यास साधा तराजू पुरतो. नमुन्याचा तुकडा १५० ग्रॅम भरला आणि पूर्ण सुकविल्यावर १०० ग्रॅम राहिला, तर ओल ५० टक्के होती. घरातल्या सामानासाठी ती साधारणतः ८ ते १२ टक्क्यांपर्यंत उतरवावी लागते. मात्र सर्व देशाला एकच आकडा लागू पडत नाही. हवेतील दमटपणा पाहून भारतीय मानकाने देशाचे चार विभाग केले आहेत. मुंबईच्या हवेला जुळलेले टेबल जोधपूरला गेले, तर तेथे ते पुन्हा आकसणारच.

वाफेची भट्टी लहान कारखानदाराला परवडत नाही, ही अडचण खरी आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने सौर भट्टीवर काम केले, ते याच दृष्टीने महत्त्वाचे. दक्षिणेकडे उतरती काच, आत काळा रंगविलेला पत्रा, हवा खेळविणारा पंखा आणि दमट हवेला बाहेर जाण्याची झडप, एवढाच तिचा पसारा. रात्री ती थंडावते, हाही गुणच. त्या विश्रांतीत फळीच्या आतबाहेरची ओल सारखी होऊ लागते.

साग पुरता वाढावयास ६०-८० वर्षे लागतात. काही आठवड्यांच्या उतावळेपणाने त्याची फळी फुटली, तर सुताराची पत जाते आणि तिच्या जागी दुसरे झाड पडते. वनरक्षणाचा काही भार रानाबरोबर गावातल्या या लहान गिरणीवरही आहे.